सव्वीस सेंटिमीटरचा नग

दिघी,
१८ ऑगस्ट २०२४

हनीफभाईंना किसन ढाकणेचा सलाम.

फोन करण्यात आता अर्थ राहिलेला नाही. जानेवारीत मी ओरडून ओरडून 'ऑपरेशन झालं' म्हणालो आणि तुम्ही म्हणालात, 'मुबारक, पेढे पाठव.' प्रमोशन ऐकलंत. मी दवाखान्यातल्या कॉटवर होतो, शेजारचा पेशंट हसायला लागला, म्हणून फोन ठेवून दिला. कंपनीतल्या फोर्जिंगच्या हॅमरने तुमचे कान खाल्ले, त्यात तुमची काय चूक? पण मग सांगायचं तर लिहूनच सांगावं लागणार.

तर ऑपरेशन झालं, प्रमोशन नाही. डाव्या बाजूला खडा होता, अकरा मिलिमीटर. सोळा जानेवारीला दुर्बिणीतून लेझरने फोडला. तिसऱ्या दिवशी सिस्टरने नळी काढली आणि घरी सोडलं. मी खडा बघायला मागितला तर म्हणाले, भुगा झाला, वाहून गेला. एवढी वर्षं फायनल इन्स्पेक्शनला काढली, रिजेक्ट झालेला नग डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण तिथे कोण ऐकतो?

आता सात महिने झाले. खडा नाही, दुखणं आहे. लघवी संपता संपता डाव्या बाजूने वर ओढल्यासारखी कळ येते, थेट पाठीत. मग दहा मिनिटांत परत जावंसं वाटतं. कधी लाल होते. बसमध्ये खड्ड्यातून आदळलो की डोळ्यांपुढे अंधारी येते.

मी कॅलेंडरवर नोंद ठेवतो. साधं दुखलं तर निळा ठिपका, जोराचं असेल तर लाल. फेब्रुवारीपासूनची पानं सुभद्राने माझ्यासाठी जपून ठेवली आहेत. गॅसचा सिलेंडर आला की ती त्या तारखेला गोल करते, त्या गोलांच्या मधेमधे माझे ठिपके. फेब्रुवारीत तिचे दोन गोल दिसले. एका महिन्यात दोन सिलेंडर कसे लागले म्हणून विचारलं तर 'लागले' म्हणाली. असो. जूनमध्ये अकरा लाल आहेत, जुलैमध्ये चौदा. हे वाढतंय.

शहाजादी भाभींना नमस्कार. औशात पाऊस कसा आहे?

तुमचा,
किसन


औसा,
१ सप्टेंबर २०२४

किसन,

पत्र मिळालं. प्रमोशनच्या खुशीत मी इकडे शहाजादीला शिरा करायला लावला होता, गल्लीत वाटला. आता लोकांना काय सांगू? ती म्हणते, काही सांगू नका, शिरा पचला.

खडा ही गोष्ट माझ्या मेहुण्यालाही झाली होती. त्याने कुळथाचं कढण प्यायलं दोन महिने. सकाळी उपाशीपोटी पानफुटीची दोन पानं चावायची. इथे कुंपणाला आहे, पाहिजे तर पार्सल करतो. कोणी बीअर प्यायला सांगेल, ऐकू नकोस. ती सांगणाऱ्यालाच प्यायची असते.

बाकी तुझा स्वभाव मला माहीत आहे. नग पास झाला तरी तू दुसऱ्यांदा गेज लावतोस, तिसऱ्यांदा उजेडात धरतोस. डॉक्टरांनी तुला पास केलंय. आता स्वतःला परत परत गेज लावत बसू नकोस. दुखणं मोजलं की वाढतं.

कानाचं मशीन मुलाने आणून दिलं. त्यातून शहाजादीचं बोलणं सोडून सगळं ऐकू येतं. ड्रॉवरमध्ये ठेवलंय.

सुभद्रावहिनींना सलाम.

हनीफ


दिघी,
१३ ऑक्टोबर २०२४

हनीफभाई,

कुळथाचं कढण पाच आठवडे प्यायलो. सुभद्राने रोज करून दिलं. फरक एवढाच पडला की आता कुळथाचा वास आला की मी खिडकी उघडतो.

दिघीतल्या आमच्या डॉक्टरांकडे पाच वेळा गेलो. प्रत्येक वेळी लघवीत इन्फेक्शन निघतं, गोळ्या देतात, आठ दिवस बरं वाटतं, परत तेच. पाचव्या वेळी ते जरा विचारात पडले. सोनोग्राफी करून आणायला लावली. रिपोर्ट समोर धरून म्हणाले, 'ऑपरेशनला नळी टाकली होती ती काढली ना?' मी म्हटलं, 'काढली की, तिसऱ्याच दिवशी.' 'नक्की?' म्हणाले. म्हटलं, 'डॉक्टरसाहेब, माझ्या अंगातून काढली, मला नाही कळणार?' मग त्यांनी रिपोर्टवर बरोबरची खूण केली. खडा नाही म्हणाले.

हॉस्पिटलातूनही फेब्रुवारीच्या शेवटी एका मुलीचा फोन आला होता. तिचंही तेच, 'काका, नळी काढली ना?' म्हटलं, 'काढली.' 'बरं, काळजी घ्या,' म्हणाली. त्यानंतर फोन नाही. सांगायचा मुद्दा, मी कुठे काही लपवलेलं नाही, विचारलं ते सरळ सांगितलं.

मग चिंचवडला एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाठ दाबून पाहिली आणि स्नायूचं दुखणं म्हणाले. पट्टा दिला. पट्ट्याने घाम येतो. दुसऱ्याने गॅस म्हटलं. तिसऱ्याने मला बाहेर बसवून सुभद्राला विचारलं की हे घरात चिडचिड करतात का. तिने 'नाही' सांगितलं. बाहेर येऊन मला म्हणाली, 'मी खोटं बोलले.'

कंपनीच्या बसचं सांगतो. दिघीहून चाकणला सव्वा तास लागतो, ट्रॅफिक असेल तर दीड. मला तेवढं धरवत नाही. मोशीला बस थांबवावी लागते. ड्रायव्हर आता न सांगता थांबवतो आणि पोरं मागून ओरडतात, 'मोशी स्टॉप, ढाकणे साहेब उतरा.' पहिल्यांदा मीही हसलो होतो.

खरं सांगू, दुखण्यापेक्षा त्याचा त्रास जास्त होतो. मला दुखतंय हे कुणाला खरं वाटत नाही. रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे माणूस खोटा.

किसन


औसा,
३० नोव्हेंबर २०२४

किसन,

आपल्या युनियनचा रणजीत लग्नाला लातूरला आला होता, वाकडी वाट करून भेटून गेला. पाटीवर लिहून लिहून बोललो. युनियनची खबर कळली, तुझीही कळली.

तो म्हणतो, तू शिफ्टमध्ये दहा वेळा जागेवरून उठतोस. लोक म्हणतात ढाकणेला हलकं काम पाहिजे. नवीन साहेब अजिंक्य म्हणून आहे, त्याचंही तेच मत आहे म्हणे.

रागावू नकोस, पण मी तुझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे म्हणून विचारतो. कामात जीव रमत नसेल तर तसं सांग. त्यात लाज नाही. शेवटच्या दोन वर्षांत मीही कानाचं कारण सांगून नाइट शिफ्ट टाळली. कान गेले होते हे खरं, पण नाइटला ऐकायचं तरी काय होतं? माणूस थकतो तेव्हा शरीर त्याला कारण शोधून देतं. तुझंही तसंच काही असेल. चौपन्न वय म्हणजे काही कमी नाही.

विचार कर. शहाजादी म्हणते, नमाजनंतर दुआ करते तुझ्यासाठी.

हनीफ


दिघी,
१९ जानेवारी २०२५

हनीफभाई,

तुमचं पत्र दीड महिना कपाटात ठेवलं. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. सगळं जग म्हणालं असतं तरी चाललं असतं. तुम्ही म्हणायला नको होतं.

आज डिस्चार्जला बरोबर एक वर्ष झालं म्हणून लिहितोय.

एकोणीस डिसेंबरला माझा शिक्का काढून घेतला. पास झालेल्या नगावर मारायचा सात नंबरचा शिक्का, बावीस वर्षं माझ्याकडे होता, तुम्हाला माहीत आहे. झालं असं की ब्रेक पाइपचा एक ट्रे टेबलावर होता, निम्मा बघून झाला होता. मला कळ आली, मी उठलो. परत आलो ते भिंतीला धरून. ट्रे समोर दिसला, मी शिक्का मारला. निम्मे नग बघितलेच नव्हते. त्यातले तीन टोकाला चिरलेले निघाले, पुढच्या कंपनीत गेल्यावर सापडले. अजिंक्य साहेबाने आवाज चढवला नाही. हात पुढे केला, मी शिक्का दिला. त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. आता स्टोअरमध्ये बसतो, वॉशर मोजतो.

तुम्ही लिहिलंत, शरीर कारण शोधून देतं. मला शिक्का सोडायचा असता तर बावीस वर्षं खिशात घेऊन फिरलो असतो का?

सोबत सगळ्या कागदांच्या झेरॉक्स पाठवतोय. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, लघवीचे रिपोर्ट, सगळं. वाचा आणि सांगा मी कुठे खोटं बोललो ते. तुमच्याकडे वेळ आहे. सापडलं नाही तर मात्र पत्र पाठवू नका.

किसन ढाकणे


औसा,
२५ जानेवारी २०२५
(स्पीड पोस्ट)

किसन,

आधी हे कर, शिव्या नंतर दे. हे पत्र मिळेल त्या दिवशी ऑपरेशन झालं त्या हॉस्पिटलात जा आणि पोटाचा एक्स-रे काढायला सांग. डिस्चार्ज कार्ड घेऊन जा. झेरॉक्स नको, मूळ कार्ड.

आता कारण सांगतो. तुझी बावीस पानं मी तीन दिवस वाचली. इंग्रजी मला येत नाही, पण स्पेअर पार्टचं लेबल मी चाळीस वर्षं वाचलंय. डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या बाजूला एक स्टिकर चिकटवलेलं आहे. त्यावर लॉट नंबर आहे, एक्स्पायरी आहे आणि लिहिलंय २६ सेंमी. म्हणजे सव्वीस सेंटिमीटरचा एक नग तुझ्या अंगात बसवला आणि त्याचं लेबल कार्डावर लावलं. आपणही मशीनच्या हिस्टरी कार्डाला तसंच लावायचो.

मी शहाजादीच्या भाच्याला बोलावलं, तो कंपाउंडर आहे. त्याला विचारलं, ही बाहेर टांगलेल्या लघवीच्या पिशवीची नळी का? त्याने पाटीवर लिहिलं, नाही, पिशवीच्या नळीचं लेबल कोणी जपत नाही, ती वेगळी. ही आतली. किडनीपासून खाली मूत्राशयापर्यंत जाते, बाहेरून दिसतच नाही. ऑपरेशननंतर थोडे दिवस ठेवतात आणि परत बोलावून दुर्बिणीतून काढतात. कार्डावर शेवटच्या ओळीत लिहिलंय म्हणाला, तीन आठवड्यांनी काढायला या.

तू मला ऑगस्टमध्ये लिहिलंस, तिसऱ्या दिवशी सिस्टरने नळी काढली. कोणती नळी, किसन? सिस्टर काढते ती पिशवीची. नळ्या दोन होत्या, शब्द एकच. डॉक्टरने विचारलं नळी काढली ना, तू हो म्हणालास. त्या मुलीने विचारलं, तू हो म्हणालास. दोघं विचारत होते एकीचं, तू सांगत होतास दुसरीचं.

तुला तेरा नंबरचा पाना आठवतो? दुरुस्ती करून मी प्रेसचं कव्हर लावलं आणि पाना आत राहिला. अकरा दिवस मशीन खडखडत होतं आणि मी सगळ्यांना सांगत होतो, बेअरिंग आहे, बेअरिंग आहे. तुझ्या टेबलावर नगांवर ओरखडे आले तेव्हा तू येऊन म्हणालास, हनीफभाई, कव्हर उघडा. त्या दिवसापासून मी फडक्यावर पाने मांडून मोजायला लागलो. तरी नोव्हेंबरात मी तुला तसलं पत्र लिहिलं. कव्हर न उघडता. चूक झाली. माफ कर.

जा लवकर.

हनीफ


दिघी,
१६ मार्च २०२५

हनीफभाई,

उशीर झाला. आधी बसवत नव्हतं, मग लिहवत नव्हतं. तुम्ही तिथे घोर लावून बसला असाल हे कळत होतं.

पत्र एकोणतीस जानेवारीला मिळालं. त्याच दिवशी गेलो. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर लावली. मीही उजेडावर धरून बघणारा माणूस आहे. नळी होती. वरच्या टोकाला गुंडाळी, खालच्या टोकाला गुंडाळी. दोन्ही गुंडाळ्यांवर खडा चढला होता, नळाच्या तोटीवर क्षार चढतो तसा. डॉक्टर म्हणाले, ही वर्षभर राहायला नको होती. मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. त्यांनी कार्ड उलटं करून शेवटची ओळ दाखवली. खाली माझी सही होती. बावीस वर्षं मी न वाचता कशावर सही केली नव्हती, आणि हे कार्ड तर लॅमिनेट करून ठेवलं होतं.

काढायला दोन वेळा भूल द्यावी लागली. आधी टोकांवरचे खडे लेझरने फोडले, मग एकवीस फेब्रुवारीला नळी ओढून काढली. मी आधीच सांगून ठेवलं होतं, या वेळी मला नग बघायचा आहे. सिस्टरने ट्रेमध्ये आणून दाखवला. मी बॅगेतून स्टीलची पट्टी काढली. तिला वाटलं मला भूल चढली आहे. पण गुंडाळ्या सरळ करून धरायला तिनेच मदत केली. सव्वीस सेंटिमीटर. तुकडा आत राहिलेला नाही.

किडनीची एक वेगळी तपासणी केली. डावी बावीस टक्के काम करते. गेलेलं परत येत नाही म्हणाले, असलेलं सांभाळा. उजवी चांगली आहे.

एकवीस फेब्रुवारीनंतर कॅलेंडर कोरं आहे. मोशीला बस थांबत नाही. ड्रायव्हर सवयीने वेग कमी करतो, मी हात हलवतो, तो पुढे जातो. शिक्का अजून मिळालेला नाही. अजिंक्य साहेबाला एक्स-रे दाखवला. त्याने बराच वेळ बघितला, एप्रिलमध्ये बघू म्हणाला. मी स्टोअरमध्येच आहे.

तुम्ही माफी मागितलीत. नको होती मागायला. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मला सगळं कागदावर लिहावं लागलं आणि तुम्ही ते तीन दिवस वाचलंत. बाकी सगळ्यांना मी तोंडी सांगितलं आणि माझ्या तोंडावर त्यांनी विश्वास ठेवला. मी वर्षभर रडत होतो की माझं कुणी खरं मानत नाही. जिथे मानायला नको होतं तिथे सगळ्यांनी मानलं.

आता एक गोष्ट, जी तुमच्यापासून लपवली. लपवली म्हणजे मीच विसरून गेलो होतो, एक्स-रे बघताना आठवली. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही रिक्षाने घरी येत होतो. सुभद्रा म्हणाली, 'अहो, डॉक्टर आतल्या नळीचं काहीतरी म्हणत होते, परत बोलावलंय.' मी म्हटलं, 'आत्ता तुझ्यासमोर काढली ना? तुला काय कळतं त्यातलं? गप्प बस.' रिक्षावाल्याने आरशात बघितलं. ती गप्प बसली. मग तीच मला रोज कुळथाचं कढण करून देत होती.

तिला मी हे सगळं बोलून दाखवायला पाहिजे, पण तोंड उघडत नाही. म्हणून हे पत्र तिच्याकडे देतोय. वाचेल आणि पेटीत टाकेल.

तुमचा,
किसन


हनीफभाऊंना सुभद्राचा नमस्कार. भाभींनाही सांगा.

यांनी पत्र वाचायला दिलं. मी वाचलं. एक गोष्ट यांना अजून माहीत नाही, ती इथे लिहिते. पाकीट उघडंच ठेवते, यांना वाचायचं तर वाचतील.

डॉक्टर तीन आठवड्यांनी या म्हणाले होते. मी घरी आल्यावर लगेच कॅलेंडरवर नऊ फेब्रुवारीला गोल केला. तो दिवस आला, पण परत ओरडतील म्हणून मी बोलले नाही. मग हॉस्पिटलातून फोन आला, यांनी काढली म्हणून सांगितलं. मला वाटलं आपलंच ऐकण्यात चुकलं असेल. पुढे यांनी विचारलं की फेब्रुवारीत दोन सिलेंडर कसे लागले. मी 'लागले' म्हटलं.

त्या महिन्यात सिलेंडर एकच आला होता.